खिळ्याचा चावा

वाटीच्या काठाला चमचा लागून टण्ण वाजला आणि आबांनी वाटी पुढे सरकवली.

एवढाच आवाज, पण टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वर झाल्या. दुधात कालवलेला मऊ भात होता तसाच होता. मधोमध चमच्याने पाडलेला एक खड्डा, बास.

“गार झाला का, बाबा? जरा ऊन करून आणू?” सुनेनं विचारलं.

“नको गं. पोट भरलं.”

“भरतंय कसलं,” माई स्वतःच्या ताटाकडेच बघत नवऱ्याला म्हणाल्या. “चिमणी तरी याहून जास्त टिपते.”

“मी? मी तर सगळं संपवलं!” सहा वर्षांची नात एकदम उसळली. घरात चिमणी म्हणजे तीच.

सगळे हसले. आबाही हसले, पण तोंड मिटून. जिभेची उजवी कड दातांना लागू नये म्हणून हल्ली ते हसणंसुद्धा डाव्या गालात उरकत.

“हसतोय ना? मग झालं तर!” आक्कांनी टेबलावर थाप मारली. आबांची ही थोरली बहीण सकाळच्याच गाडीनं आली होती, आणि आल्यापासून घरातली खोकल्याची उबळसुद्धा तिला विचारून येत होती. “ठोक्या, तुला काही होत नाही, मी सांगते. माझ्याकडे बघ. आहे का कुठे उणी?”

ठोक्या हे आबांचं लहानपणचं नाव. हातोडी हातात आली तेव्हा त्यांनी घरातलं जे लाकडाचं दिसेल त्यात खिळा ठोकला होता. आता त्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

“रिपोर्टावर माझ्या पायाचं नाव काय होतं? स्क्वेमस सेल कार्सिनोमा. तुझं काय आहे? तेच! अक्षर न् अक्षर तेच. लहानपणी उकळत्या खळीचं पातेलं सांडून नडगी भाजली, तिथे इतक्या वर्षांनी जखम झाली, भरेचना. मी तर त्याला पाहुणा म्हणायची. आला, बसला, डॉक्टरांनी कापून हाकलला. आज मी दोन जिने चढून आले की नाही?”

“चढताना चार वेळा थांबलात,” माई म्हणाल्या.

“ते वयानं. पाहुण्यानं नव्हे.”

पुन्हा हसू. सून ताटं गोळा करायला उठली. या हसण्याचीच तिला भीती वाटू लागली होती. गेल्या बुधवारी रिपोर्ट आला, आबांनी ते लांबलचक नाव वाचलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरच म्हणाले, “अरे, हे तर आक्काचंच!” संध्याकाळपर्यंत सगळं घर सैलावलं. ओळखीचं निघालं म्हणून. गावातल्या माहितीच्या माणसानं दार वाजवावं, तसं.

आणि त्याआधीची ती पाच महिन्यांची गंमत. या घरातल्या पुरुषांच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या खिळे. सोफा असो की खुर्ची, कापड ताणून धरायला एक हात जातो, हातोडीला दुसरा. तिसरा हात म्हणजे जीभ. मूठभर बारीक खिळे गालात धरायचे, जिभेनं एकेक फिरवून डोकं बाहेर करून ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी तोंडानं तो उचलायचा आणि ठक्. आबा बोलता बोलता हे करत. गिऱ्हाईक थक्क होऊन बघत राही. अशा घरात जिभेला जखम म्हणजे बातमीच नव्हे. तिला नाव होतं, ‘खिळ्याचा चावा’. औषध ठरलेलं, तुरटीच्या पाण्याची गुळणी. आबांच्या जिभेच्या कडेला पांढुरका चट्टा उठला, त्याची जखम झाली, जखमेच्या कडा जाड झाल्या, उजवा कान ठणकू लागला. कानात थेंब घातले आणि तोंडात तुरटी. “चावलाय जरा जोरात,” असं आबाच म्हणायचे.

या घरात जन्मलेलं कोणी असतं तर अजूनही गुळण्याच चालल्या असत्या. सून बाहेरची होती, तिच्या माहेरी कुणी खिळे खात नव्हतं. तिनं एका सकाळी खिडकीशी नेऊन आबांना जीभ बाहेर काढायला लावली आणि त्याच दुपारी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तिथून मोठ्या दवाखान्यात. तिथे सर्जनबाईंनी गळ्यावरून बोटं फिरवली आणि जबड्याखाली एका जागी ती थांबली. ते थांबणं सुनेनं पाहिलं होतं.

येत्या गुरुवारी ऑपरेशनची तारीख होती. आबांनी अजून हो म्हटलेलं नव्हतं.

*

जेवण झालं की आबा खाली दुकानात जात, रविवार असला तरी. शटर अर्धं वर करून ते वाकून आत शिरले. दिवा लावला नाही. रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमच्या लाद्या, ज्यूटचे पट्टे, सगळं अंधारातही आपापल्या वासानं जागेवर होतं. आणि पलीकडे, छतापर्यंत रचलेले, सभागृहातल्या खुर्च्यांचे उघडे सांगाडे. एवढं मोठं काम या दुकानात कधी आलं नव्हतं. मुलानं ते घेतलं होतं. “झेपेल का रे?” असं आबांनी तेव्हा विचारलं होतं, आणि “तुम्ही असल्यावर काय!” असं मुलगा म्हणाला होता.

सवयीनं त्यांचा हात डब्यात गेला, चिमूटभर खिळे निघाले, तोंडात गेले. जिभेनं पहिला फिरवायला घेतला आणि डोळ्यांसमोर पांढरं झालं. त्यांनी ते सगळे तळहातावर थुंकले. लोखंडाची चव त्यांना बाळपणापासूनची. तिच्यात मिसळलेली ही दुसरी चव मात्र नवी होती. तळहातावर खिळ्यांभोवती गुलाबी तार ओढली गेली होती. ती त्यांनी पँटला पुसली.

कापडाचं आबांना कळत होतं. सर्जनबाई म्हणाल्या होत्या की अंगाला बाहेरून कातडीचं आणि आतून तोंडाला, घशाला, अजून कुठे कुठे तसंच पातळ अस्तर असतं. हा आजार त्या अस्तराचा, म्हणून नाव सगळीकडे एक. अस्तर म्हटल्याबरोबर आबांना पुढचं सगळं न सांगता कळलं होतं. खुर्चीच्या पाठीमागे कापड उसवलं तर ठिगळ लावा, वर्षानुवर्षं विसरून जा. तेच कापड बैठकीच्या घडीत, जिथे माणूस बसला की दर वेळी मुडपतं, तिथे उसवलं, की चीर पळत सुटते. आक्काची नडगी म्हणजे खुर्चीची पाठ. जीभ दिवसभर मुडपते.

हे कळूनही ते पायऱ्यांवर “हे तर आक्काचंच!” असं मोठ्यानं म्हणाले होते. मग सगळ्यांचे चेहरे सैल झालेले बघितले आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मरणाचं त्यांना फारसं वाटत नव्हतं, निदान तसा त्यांचा समज होता. त्यांना दिसत होतं ते वेगळंच. जेवणाचं टेबल. सगळे बोलतायत. ते काहीतरी गमतीचं सांगायला जातात, तोंडातून नुसता ओला गडबडलेला आवाज निघतो, आणि कुणीतरी, बहुधा माई, समजुतीच्या सुरात म्हणते, “ह्यांना असं म्हणायचंय...”

“बाबा?” मुलगा वाकून आत आला. “दिवा तरी लावा.”

“कशाला? खुर्च्या पळून जातायत?”

मुलगा एका सांगाड्यावर टेकला. “गुरुवारचं काय करायचं?”

“गुरुवारी मागच्या रांगांचं कापड यायचंय.”

“ते मी उतरवून घेईन.”

“आणि बसवणार कोण? तुझी ती गन? फटाफट फटाफट! खुर्च्या म्हणजे काय कागद आहेत पिना मारायला?”

मुलाला हायसं वाटलं. बाप रागावतोय म्हणजे बरा आहे. गेले आठ-दहा दिवस बायको जे बोलत होती त्यातलं निम्मं त्यानं ऐकूनच घेतलं नव्हतं. ऐकलं असतं तर मग काहीतरी करावं लागलं असतं.

“महिनाभराचा प्रश्न आहे,” आबा म्हणाले. “तुझा शब्द गेलाय लोकांना. काम हातावेगळं करू, मग काय कापायचं ते कापा म्हणावं. आक्का जखम घेऊन किती महिने फिरली! झालं काही?”

“नाही झालं.”

“मग?”

“बरं,” मुलगा म्हणाला, आणि म्हणताना त्यानं आबांकडे पाहिलं नाही. “पुढची तारीख मागून घेतो.”

*

चहा उतू जाऊ नये म्हणून आक्का स्वतः शेगडीपाशी उभ्या होत्या. भावाच्या स्वयंपाकघरातही पातेल्यावरचा ताबा त्या सोडत नसत. सून कप मांडत होती. पलीकडे टेबलाशी माई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि खुर्चीखाली चिमणी टरफलांची घरं बांधत होती.

मुलगा वर आला आणि दारातूनच म्हणाला, “पुढची तारीख घ्यायची ठरलंय. काम संपलं की लगेच.”

“ठरलंय? कुणी ठरवलं?” सुनेचा हात कपावरच राहिला.

“बाबांनी. आणि... मी पण.”

“तुम्ही दोघांनी. अंधारात बसून.”

“अगं, एक महिना!” आक्कांनी पातेलं हलवलं. “एवढी काय गाडी सुटतेय? मी तर म्हणते, माणसाला मनाची तयारी...”

“आक्का, तुमचा पाय होता.” सून हळूच बोलत होती. “ही जीभ आहे. गळ्यात गाठ आलीय. मी तिथे होते, मी बघितलं. डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नाव एकच असतं, पण जागा बदलली की त्याची चाल बदलते. कातडीवर बऱ्याचदा रमतगमत जातं. जिभेवरून गळ्यातल्या गाठींपर्यंत धावतं. तोंडातलं वेगळं, घशातलं वेगळं, गर्भाशयाच्या तोंडाशी होतं ते आणखी वेगळं. एकाचा हिशोब दुसऱ्याला लावू नका म्हणाल्या. आणि आपण तेच करतोय. रोज. हसत हसत.”

आक्कांनी शेगडी बंद केली. चहा अजून उकळायचा होता.

मोरीतला नळ. त्यांना एकदम तो नळ आठवला, घरातले सगळे निजलेले असताना बारीक सोडलेला, आवाज होऊ नये म्हणून. आई पाठमोरी बसलेली. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या आईचे ते कपडे, ते लाल पाणी. आक्का माहेरपणाला आल्या होत्या, पाणी प्यायला उठल्या होत्या. आईनं मान वळवली आणि आधी लाजली. घाबरली ती नंतर. “कुणाला बोलू नकोस,” म्हणाली. “ठोक्याचं लग्न आलंय. ते पार पडू दे.” आणि आक्कांनी तिच्या हातातून कपडे घेतले आणि धुतले. बोलल्या नाहीत. पुढे दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या कागदावर त्यांनी ते लांब नाव पहिल्यांदा वाचलं, ओठ हलवत, जोडाक्षरं सोडवत. आणि कितीतरी वर्षांनी स्वतःच्या पायाच्या कागदावर दुसऱ्यांदा. तेव्हा त्यांना आईच दिसली होती. म्हणून तर तो पाहुणा, ती थट्टा. ती थट्टा एकदा थांबवली असती, तर हे नाव आधी कुठे वाचलं ते सांगावं लागलं असतं.

जिन्यावर आबांची पावलं वाजली. ते आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसले. “चहा झाला की नाही? का तोसुद्धा कापून काढायचाय?”

कोणी हसलं नाही.

“ठोक्या,” आक्का म्हणाल्या. त्या अजून शेगडीकडेच तोंड करून होत्या. “आईला काय झालं होतं?”

“हे काय मधेच? पोटाचं दुखणं होतं.”

“पोटाचं नव्हतं. तुझंच होतं. माझंच. तेच नाव.”

आबांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं सुनेकडे.

“खालच्या अंगाला होतं. रक्त जायचं. आपल्या घरात ते शब्द कुणाच्या तोंडात होते का? मग पोटाचं म्हटलं सगळ्यांनी. मला माहीत होतं. मी ते कपडे धुतलेत.” आक्का वळल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्या दिसत होत्या. “ती थांबली. तुझं लग्न पार पडू दे म्हणाली. मग आलेगेले परत जाऊ देत म्हणाली. मग नव्या सुनेचा हात बसू दे घरात. गेली तेव्हा डॉक्टर माझ्यावर ओरडले, एवढे दिवस काय करत होतात म्हणून. मी काय सांगणार? लग्नाची कामं करत होतो? कापलं की संपलं, असं नसतं रे. माझं संपलं, कारण ते नडगीवर होतं. मी उगाच टेंभा मिरवत फिरले.”



*

माईंच्या बोटांत शेंग तशीच अर्धी उघडी राहिली.

आलेगेले परत जाऊ देत. नव्या सुनेचा हात बसू दे. म्हणजे मी. त्या स्वतःशी म्हणाल्या, म्हणजे मी.

त्या या घरात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. नव्या कपड्यांची घडीही मोडली नव्हती, तोवर सासू अंथरुणाला खिळली. सहा महिन्यांत गेली. पुढे या घरात जे बिघडलं, खिळ्यांच्या पेटीला गंज चढण्यापासून ते गिऱ्हाईक तुटण्यापर्यंत, त्याला एक शब्द होता. पायगुण. सासरे म्हणत. शेजारणी म्हणत. पुढे कुणी म्हणेनासं झालं तरी कुठे आजार आला की माईंनाच तो आतून ऐकू येई. बुधवारी रिपोर्ट आला तेव्हासुद्धा तो ऐकू आला होता.

“आक्का,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मी यायच्या आधीपासून त्या आजारी होत्या, हे माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही मला ऐकू दिलंत. त्या ओट्यापाशी उभ्या असायचात तुम्ही. मामंजी मला पांढऱ्या पायाची म्हणाले तेव्हा चहा गाळत होतात. मला आठवतंय.”

“आईनं शपथ घातली होती गं...”

“शपथ त्यांची, आणि बोल मला!” माई कधी ओरडत नसत. आताही ओरडल्या नाहीत. फक्त शेंग टेबलावर ठेवली आणि हात पुसले. “चाळीस वर्षं, आक्का. मी स्वतःला बघत बघत चालले. कुणाच्या दारात पाऊल टाकताना विचार करायची, इथे काय होणार आता.”

आक्कांनी पुढे येऊन माईंच्या खांद्यावर हात ठेवला. माईंनी तो झटकला नाही, आणि आपला हातही वर नेला नाही.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“त्या आपल्या लग्नासाठी थांबल्या. प्रेमानंच थांबल्या असतील. पण मागे राहिलं काय? तुम्ही आता या खुर्च्यांसाठी थांबताय. काम कुणी घेतलं? ह्यानं.” त्यांनी मुलाकडे बोट केलं. “उद्या काही बरंवाईट झालं, तर कुणी त्याला बोलणार नाही. मी बोलू देणार नाही. पण तो स्वतःला बोलेल. मरेपर्यंत रोज बोलेल. बाबा माझ्या कामापायी थांबले. मला माहीत आहे ते कसं असतं. माझ्या पोराला हे देऊन जायचं असेल, तर खुशाल घ्या पुढची तारीख.”

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला, तिथेच, जमिनीवर. एवढा दाढीमिशीचा माणूस, पण चिमणीनं खुर्चीखालून येऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा त्यानं तोंड लपवलं.

आबांनी टेबलावरची टरफलं बोटानं एका बाजूला सारली. मग म्हणाले, “तुला वाटतं मी खुर्च्यांसाठी थांबलोय?”

“नाही,” माई म्हणाल्या. “घाबरलायत तुम्ही.”

“हं.”

“मीही घाबरलेय.”

“बोलता नाही यायचं मला. नीट. तुम्ही सगळे माझी वाक्यं पुरी कराल. आणि चुकीची कराल.”

“मग टेबलावर हात आपटा. कळेल आम्हाला चुकलं म्हणून.”

आबांच्या गळ्यातून एक आवाज आला. हसू असावं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, तो मान खाली घालून बसलेला.

“गनवाले साहेब.”

मुलानं वर पाहिलं.

“मागच्या रांगा गननं मार. अंधारात कोण बघतंय. पण पुढच्या दोन रांगांचे कोपरे तरी हातानं ठोक. आणि घडीला कापड दुहेरी घे, विसरशील.”

“नाही विसरणार, बाबा.”

“आणि खिळे तोंडात धरू नकोस. डॉक्टरीण म्हणते खिळ्यांनी होत नसावं. म्हणजे तिलाही खात्री नाही. वाटीत ठेव.”

आक्कांनी शेगडी पुन्हा लावली. या वेळी चहा कुणी गाळला ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

*

उन्हं उतरल्यावर सून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. चिमणी मागोमाग आलीच. खाली दुकानातून हातोडी ऐकू येत होती. आधी तीन-चार ठोके, मग थांबणं, मग आबांचं बोलणं, अस्पष्ट, मग पुन्हा ठोके. आबा शिकवत होते. गुरुवारच्या आत सगळं सांगून संपवायचं असल्यासारखं बोलत होते. जिभेला लागत असणार. तरी थांबत नव्हते.

बोलू दे, सून मनात म्हणाली. जेवढं बोलता येईल तेवढं बोलू दे. तिनं एक चादर दोरीवरून ओढली आणि तोंडावर घेतली. उन्हाचा वास येत होता. असा एखादा आडोसा मिळाला की दिवसभर अडवून धरलेलं सगळं एकदम येतं. तिनं ते येऊ दिलं, मग चादरीनंच तोंड पुसलं.

“आई, तू रडतेस?”

“नाही गं. ऊन लागलं डोळ्यांना.”

“ऊन तर गेलं.”

सुनेनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. दोघी समोरासमोर उभ्या राहून घडी घालू लागल्या.

“आबांची जीभ कापणार?”

लपवायचं नाही, हे तिनं दुपारीच ठरवलं होतं. या घरात लपवून ठेवलेल्या गोष्टी कुठे जातात ते तिनं आजच पाहिलं होतं. “सगळी नाही. जिथे आजार आहे तेवढा तुकडा काढणार. गळ्यातल्या गाठीही काढणार.”

“मग तिथे भोक राहील?”

“नाही. तिथे डॉक्टर दुसरी कातडी लावणार. आबांच्या डाव्या हाताची. इथली.” तिनं चिमणीच्या मनगटाच्या वर, आतल्या मऊ बाजूला बोट ठेवलं. “इथली थोडी काढायची, रक्ताच्या नळीसकट, आणि जिभेला जोडायची. ती तिथे रुजते.”

“झाडासारखी?”

“जवळजवळ.”

“शिवतात?”

“शिवतात. अगदी बारीक टाके घालून.”

हे चिमणीला पटलं. शिवलेलं टिकतं, हे तिला दुकानातून माहीत होतं. ती घडीचं टोक आईकडे घेऊन आली, आणि ते देता देता थांबली. तिनं स्वतःचा डावा हात उलटा केला, कोपरापासून मनगटापर्यंत नीट न्याहाळला, आणि कानापाशी नेला. थोडा वेळ तसाच धरला.

खाली ठोके थांबले होते. आबा काहीतरी सांगत होते.

“आई,” ती म्हणाली, “पण हाताला कुठे बोलता येतं? मग त्याला आबांसारखं बोलायला कोण शिकवणार?”